चालत्या माणसाच्या वेगाने : ट्रायल्स गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रायल्स या मोटारसायकलच्या खेळाची तोंडओळख करून दिली होती. त्यावर कोल्हापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी नेमके प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच स्वरूपाची पत्रे एकत्र केली आहेत.

ट्रायल्स ही मोटोक्रॉससारखीच शर्यत का? घरी १०० सीसीची जुनी फोर-स्ट्रोक गाडी पडून आहे आणि मामांची आरएक्स १०० आहे. दोनपैकी कोणती तयार करू? (कसबा बावडा)

मोटोक्रॉसशी तिचे नाते मातीपुरतेच. दगड, ओढा, चढ, झाडांची मुळे अशा जागेत फिती बांधून छोटा टप्पा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय जमिनीला न लावता पार करायचा. पाय लागला नाही तर शून्य, एकदा लागला तर १, दोनदा लागला तर २, तीन किंवा जास्त वेळा लागला तरी ३. गाडी पडली, फितीबाहेर गेली किंवा सेक्शन अर्धवट राहिला तर ५. हे गुण दंडाचे असतात, म्हणून दिवसअखेर ज्याचे सर्वांत कमी तो पहिला. वेग चालत्या माणसाचा, ताशी ४-५ किलोमीटर. टायरपासून क्लचपर्यंत गाडीची सगळी जुळवाजुळव याच वेगासाठी करायची असते. नादुरुस्त्याही याच वेगामुळे येतात, हे पुढच्या उत्तरांत दिसेल.

मामांच्या आरएक्सला करवत लावू नका. १९९६ नंतर ती बनलेली नाही, आणि मूळ स्थितीतली गाडी एकदा कापली की परत होत नाही. शिवाय ती या कामाची नाही. तिचा जोर रेस वर गेल्यावर येतो आणि आपल्याला तो इंजिन अगदी हळू फिरताना हवा असतो. १०० सीसीची फोर-स्ट्रोक इथे जास्त कामाची. टू-स्ट्रोकशिवाय ट्रायल्स नाही असा समज आहे, पण स्पेनचा टोनी बो २००७ ते २०२४ दरवर्षी मैदानी जागतिक विजेता ठरला तो मोंटेसा कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर.

खास ट्रायल्ससाठी बनवलेल्या गाड्या ७० किलोच्या आसपास भरतात. तुमची ११० किलोच्या घरात असेल. साडीगार्ड, लेगगार्ड, सेंटर स्टँड, कॅरिअर आणि लांब सीट काढली की सात-आठ किलो सहज उतरतात. काहींनी हिरोच्या इम्पल्स या गाडीबद्दल विचारले आहे. तिची जमिनीपासूनची उंची २४५ मि.मी. आहे, ती मोहात पाडते. पण वजन १३४ किलो आहे आणि नवशिक्याला वजन जास्त नडते. गाडी नव्याने शोधणार असाल तर एप्रिल २०२० च्या आधीची, कार्बोरेटरची घ्या. नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे. रेस किंचित उघडताना तिथे जो झटका बसतो तो घरच्या घरी काढता येत नाही.

एक कायद्याची बाब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या गाडीत मनासारखे बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून ही गाडी सरावाच्या जागी टेम्पोतूनच न्यायची.

पुढचे स्प्रॉकेट लहान आणि मागचे मोठे केले की झाले, असे मिस्त्री म्हणतात. किती दातांचे बसवू? उद्यमनगरात बनवून घेतले तर चालेल का? (शिरोली)

मिस्त्री बरोबर सांगतात, फक्त आकडा ठरवायला हवा. आधी दात मोजा. समजा पुढे १४ आणि मागे ४२ आहेत, म्हणजे गुणोत्तर ३. पुढे १३ आणि मागे ४८ केले तर ते ३.६९ होते. त्याच रेसला गाडी जवळजवळ पाचव्या हिश्शाने हळू चालते आणि चाकाला ओढ २३ टक्क्यांनी वाढते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता गाडी तुमच्या शेजारी चालणाऱ्या माणसाबरोबर राहिली पाहिजे. ती पुढे पळत असेल तर मागे आणखी दोन-तीन दात वाढवा. पुढचे लहान करणे स्वस्त पडते म्हणून सगळे तेवढेच करतात. पण १२ दातांच्या खाली जाऊ नका. चेन फार दुमडते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबराला घासते.

चेनचा हिशोब आधीच करून ठेवा. वरच्या उदाहरणात पावणेतीन कड्या जास्त लागतात, आणि कड्या वाढवायच्या त्या जोडीनेच. दोन वाढवल्या तर ॲक्सल सुमारे ५ मि.मी. पुढे घ्यावा लागतो, चार वाढवल्या तर ८ मि.मी. मागे जातो. स्विंगआर्मच्या खाचेत कुठल्या बाजूला जागा आहे ते पाहून ठरवा. ४२ दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास १७० मि.मी. असतो, ४८ च्या स्प्रॉकेटचा १९४. म्हणजे कडा १२ मि.मी. बाहेर येते. चेनकव्हर तिथे अडेल, तो काढून नायलॉनचा छोटा पट्टा लावा.

उद्यमनगरात काम उत्तम होते, पण नुसते ‘स्प्रॉकेट करून द्या’ म्हणू नका. चेन ४२८, पिच (दोन कड्यांमधले अंतर) १२.७ मि.मी., माल ईएन ८ पोलाद, दात इंडक्शनने कडक केलेले, असे लिहून द्या. साध्या माइल्ड स्टीलचे दात थोड्याच दिवसांत आकड्यासारखे वाकतात. जुन्या स्प्रॉकेटवर बाहेरून कडे वेल्डिंग करून घेणे तर नकोच, उष्णतेने ते वाकडे होते. घेताना नवी चेन स्प्रॉकेटभोवती गुंडाळून पाहा. शेवटच्या दातावर चेन उचलली जात असेल तर पिच चुकला आहे. बसवल्यावर चेन एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल असणारच. ढिलाई मोजायची ती सर्वांत ताठ जागी, २५ ते ३० मि.मी.

टायरमधली हवा अगदी कमी ठेवा असे वाचले, म्हणून ५ पीएसआय ठेवली. दुसऱ्याच दिवशी ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटला. काय चुकले? (फुलेवाडी)

आकडा बरोबर होता, टायर वेगळा होता. ट्रायल्सचा मागचा टायर ४.००-१८ मापाचा, बाजू मऊ आणि बहुधा ट्यूबलेस. तो ४-५ पीएसआयवर दगडाला मिठी मारतो, पुढचा ५-६ वर. तुमच्या साध्या टायरमध्ये ट्यूब आहे. हवा कमी झाली की ओढीने टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत नेतो आणि वॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला राहतो. तो फाटायचाच.

उपाय म्हणजे मागच्या चाकाला रिम लॉक, म्हणजे टायरची कड आतून रिमला दाबून धरणारा तुकडा. रिमच्या रुंदीचाच घ्या, १.६० च्या रिमला १.६० चा. वॉल्व्हच्या बरोबर समोर, दोन आऱ्यांच्या मध्ये ८.५ मि.मी.चे भोक पाडा आणि त्याच्या कडा आतून-बाहेरून गोल कानशीने घासा. बोटाला टोचणारी कड ट्यूबही कापते. टायर चढवताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावा, रिम लॉक आत ढकलून धरा आणि हवा भरल्यावरच त्याचा नट आवळा. एवढे केल्यावर मागे ८ ते १० पीएसआय चालतील. रिम लॉक नसेल तर १२ च्या खाली उतरू नका.

वॉल्व्हवरचा छोटा नट रिमला टेकवून आवळण्याची सवय सोडा. तो वर, टोपीजवळ न्या. मग टायर सरकला की वॉल्व्ह तिरपा झालेला दिसतो आणि फाटण्याआधी कळते. पंक्चर काढताना ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपला गेला आहे. एक-दोन पीएसआय वाढवा. पेट्रोल पंपावरचे मीटर एवढ्या खाली भरवशाचे नसते, ० ते १५ पीएसआयचे वेगळे मीटर घ्या. आणि अलॉय चाक असेल तर आधी आऱ्यांचे बसवा. दगडाच्या कडेवर आपटून अलॉय तडकते. आऱ्याचे चाक वाकले तर सरळ करता येते.

अर्ध्या तासाच्या सरावानंतर क्लच घसरू लागतो, वास येतो. तार आवळली तरी गाडी न्यूट्रलला येत नाही. प्लेटा वर्षभरापूर्वीच बदलल्या होत्या. (गडहिंग्लज)

असे पत्र जवळजवळ प्रत्येक ट्रायल्सवाल्याला एकदा लिहावे लागते. हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेटा एकमेकींवर घासून तापतात, झिजतात आणि तारेची ढिलाई कमी होते. ढिलाई संपली की लिव्हर सोडल्यावरही क्लच पूर्ण बसत नाही, तो घसरतो आणि आणखी तापतो. वर चालत्या माणसाच्या वेगाला इंजिनावर वारा लागत नाही, म्हणजे तेलही तापलेलेच. अशा वेळी तार आवळणे ही हमखास होणारी चूक. गाडी बंद करा, पंधरा मिनिटे थांबा. गार इंजिनावर लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मि.मी. ढिलाई ठेवा. सरावातही दहा मिनिटांनंतर पाच मिनिटे इंजिन बंद ठेवायची सवय लावा.

ढिलाई बरोबर असून घसरत असेल तर पहिला संशय तेलावर. या गाड्यांत इंजिनाचे तेल आणि क्लचचे तेल एकच. गाडीच्या पुस्तकातल्या जाडीचे आणि डब्यामागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले तेलच घाला. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती कारला चांगली, पण आपल्या प्लेटांना घर्षणच हवे असते. बदलायचा हिशोब किलोमीटरवर ठेवू नका, तासांवर ठेवा. सरावाचे १५ तास झाले की तेल बदला, मीटरवर शंभर किलोमीटर दिसत असले तरी.

तुमचे दुसरे लक्षण, गाडी न्यूट्रलला न येणे, हे मात्र प्लेटा नीट सुटत नसल्याचे. त्यासाठी क्लच उघडावाच लागेल. तेल काढून उजव्या बाजूचे कव्हर उघडा, गॅस्केट नवे आणून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट एकदम काढू नका, समोरासमोरचे थोडेथोडे सैल करा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत आतला नट चार खाचांचा असतो, त्याला त्याचाच पाना लागतो. छिन्नी-हातोडीने फिरवला की खाचा जातात. प्लेटा ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने फडक्यावर मांडा.

आता स्टीलच्या प्लेटा बघा. निळसर काळे डाग म्हणजे जळल्याची खूण. एकेक प्लेट जाड काचेवर ठेवा आणि कडेखाली फीलर गेज सरकवून बघा. ०.२ मि.मी.ची पट्टी आत जात असेल तर प्लेट वाकली आहे, ती टाकून द्या. नंतर क्लचच्या टोपलीची बोटे बघा, जिथे घर्षण प्लेटांचे कान बसतात. तिथे नखाला लागतील अशा खाचा पडलेल्या असतात आणि बहुतेक वेळा खरा आजार हाच असतो. प्लेटचा कान खाचेत अडकतो आणि लिव्हर दाबूनही प्लेट सुटत नाही. बारीक चपट्या कानशीने बोटे सरळ करा, पण सगळ्या बोटांवरून सारखेच घासा आणि खाच उथळ असेल तरच. खोल असेल तर टोपली बदला. नुसत्या प्लेटा बदलून चार दिवसांत तीच तक्रार परत येते ती याच कारणाने. वर्षभरापूर्वी तुमच्याकडेही हेच घडले असावे.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका, रात्रभर इंजिन तेलात बुडवून ठेवा. स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम. कव्हर उघडलेच आहे तर क्रँकच्या टोकावरचा फिरता तेलगाळणीचा डबाही उघडून आतला काळा गाळ पुसून घ्या. शेवटी क्लचची तार. टाकीखाली ती कुठे दुमडली आहे का बघा, वरच्या टोकाने पातळ तेल सोडून खालून बाहेर येईपर्यंत जिरवा. सेक्शनमध्ये लिव्हर एका बोटाने दाबावा लागतो. दोन बोटे लागत असतील तर तार बदला.

पुढच्या शॉकअपमधून तेल गळते. सील दोनदा बदलले. (कागल)

सील बहुधा चांगले आहे, त्याच्या ओठाखाली जांभ्याची बारीक माती अडकली आहे. वरचे धूळ-रबर उचला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापून टोकाला आकडा करा, सीलच्या आत सरकवून नळीभोवती एक फेरी फिरवा. माती बाहेर येते आणि पुष्कळदा गळती तिथेच थांबते. तरीही गळत असेल तर नळीवर नख फिरवून बघा. दगड लागून उठलेला टोचा प्रत्येक नवे सील कापतो. तो १००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून घासा आणि मगच सील बदला. चाक उचलून कोनसेटही (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) तपासा. हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे थांबत असेल तर कोनसेट गेला आहे, तोल सांभाळताना तो फार त्रास देतो.

ओढ्यात गाडी आडवी झाली, आत पाणी गेले. मित्रांनी किक मारून मारून सुरू केली. आता तेल दुधासारखे दिसते. (राधानगरी)

आता ती सुरू करू नका. दुधासारखे तेल म्हणजे पाणी मिसळलेले तेल, ते बेअरिंगला वंगण देत नाही. ते काढा, स्वस्तातले पण योग्य जाडीचे तेल भरा, दोन-तीन मिनिटे हळू चालवा, तेही काढा. दुसरे तेल पांढरट निघाले तर तिसऱ्यांदा तेच करा, नंतर चांगले तेल भरा.

पुढच्या वेळी आडवी झाली की पहिली गोष्ट किल्ली बंद. पाणी दाबले जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, टोपी त्याच्यापासून लांब ठेवा, मग किक दहा-पंधरा वेळा मारून पाणी उडवा. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतले पाणी-पेट्रोल बाटलीत काढा. एअर फिल्टर कागदी असेल तर तो गेला, नवा घाला. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये पिळा, साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि फिल्टरचे तेल लावून पिळून बसवा. फोम पेट्रोलने धुऊ नका, त्याचे सांधे सुटतात.

ड्रम ब्रेक त्याच संध्याकाळी उघडा. लायनर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, ड्रम कोरड्या फडक्याने पुसा, कॅमवर ग्रीसचा नखाएवढा ठिपका लावा. जास्त लावला तर तो लायनरवर जातो. धुताना सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या पाण्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, कोनसेटवर आणि चेनवर धरू देऊ नका. बादली आणि ब्रश पुरे.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, गाडी छान चालवते, तिला हे शिकायचे आहे. सुरुवात कुठून करावी? (मंगळवार पेठ)

सपाट मैदानावरून, आणि दगड महिनाभर विसरून. तिच्यासाठी आधी फूटरेस्ट ४०-५० मि.मी. मागे घ्या, गिअरचा दांडा आणि ब्रेकचे पेडल त्या मापात वळवून घ्या. या खेळात बसायचे नसतेच. फूटरेस्ट फार पुढे असताना त्यावर उभे राहिले की वजन हँडलवर येते आणि मनगटे दुखतात.

पहिले दोन आठवडे फक्त उभे राहून पहिल्या गिअरमध्ये सरळ चालवणे. एक बोट क्लचवर, एक पुढच्या ब्रेकवर, गुडघे किंचित वाकलेले. मग चार विटा ठेवून आठचा आकडा. आधी सहा मीटरचे वर्तुळ, मग कमी करत तीन मीटर, हँडल पूर्ण वळवून. वळताना गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचे आणि वजन बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचे. रस्त्यावर आपण याच्या उलट करतो, म्हणून हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. नजर चाकावर खिळली की पाय टेकतोच. जिथे जायचे तिथे बघायचे, चाक मागून येते.

तिसऱ्या आठवड्यात १५ सें.मी. जाडीचा ओंडका, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावलेला. त्याच्या हातभर आधी गुडघे वाकवून शॉकअप दाबायचा, तो वर येताना रेस थोडी देऊन क्लच सोडायचा. पुढचे चाक वर चढले की रेस बंद, अंग पुढे, मागचे चाक आपोआप येते. मागचे चाक ओंडक्यावर असताना रेस दिली की ते घसरून गाडी आडवी होते. नवशिके बहुतेक इथेच पडतात.

हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे जाड बूट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड सपाट मैदानातही हवेत. मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच नक्की बसवा. माणूस गाडीपासून सुटला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडते. एकटीने सराव करायचा नाही, कोणीतरी सोबत हवे.

कोल्हापूरच्या आसपास सराव कुठे करता येईल? मसाई पठार चालेल का? (पत्रे अनेक)

मसाई पठारावर नको. तिथली माती जांभ्यावर जेमतेम बोटभर आहे आणि पावसाळ्यानंतरची फुले त्या बोटभर मातीतच येतात. चाकाने ती एकदा उकरली की पुढच्या पावसात वाहून जाते. पन्हाळ्याची तटबंदी आणि पायवाटा, जोतिबाच्या डोंगराच्या वाटा, राधानगरीचे अभयारण्य यांचाही विचार करू नका.

बंद पडलेली दगडखाण सर्वांत चांगली, मालकाची लेखी परवानगी घेऊन. उभ्या कड्याच्या पायथ्याशी आणि पाणी साठलेल्या भागाजवळ मात्र सेक्शन आखू नका. खाण मिळाली नाही तर ओळखीच्या शेतकऱ्याचे पडीक माळरान किंवा ओढ्याकाठचा तुकडा. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागेत दोन सेक्शन बसतात. सायलेन्सर मूळचाच ठेवा. आवाज वाढला की दुसऱ्या आठवड्यात परवानगी जाते.

दगड ओळखायला शिका. कोरड्या जांभ्याला टायर कागदाला कानस लागावी तसा धरतो. काळा दगड ओढ्यात गुळगुळीत झालेला असतो, कोरडा असतानाही त्याच्यावर एकदम रेस देऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन्हींवर हिरवट शेवाळ असते. त्या दिवसांत सेक्शन सुरू करण्याआधी तो बुटांनी चालून बघा. जिथे बूट घसरतो, तिथे दगडाच्या कडेवरून जायची रेघ धरा आणि फिती त्याप्रमाणे सरकवा.